बुधवार कुणाचा?

“रात्रभर नुसतं गुडगुड, गुडगुड! आधी वाटलं वरच्या टाकीत पाणी चढतंय. पण आमच्याकडे इतकं पाणी कुठून येणार, सांग ना आई? मग कळलं, या मैत्रीचं पोट वाजतंय.”

पूर्वा हे फोनवर आईला सांगत होती, आणि अगदी हळू आवाजात सांगत होती. पण एका खोलीत तीन कॉट बसवल्या की, तिसरी रिकामी असली तरी, तिथे हळू आवाज नावाची गोष्ट उरत नाही. पूर्वाच्या उशीपासून मैत्रीच्या उशीपर्यंत एक चप्पल कशीबशी मावेल एवढीच जागा होती. तोंडावर पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेतलेल्या मैत्रीने सगळं ऐकलं आणि पोटावर उशी दाबून धरली. घोरण्याचीही माणसाला लाज वाटते म्हणा, पण घोरणारा निदान झोपलेला तरी असतो.

मैत्री रामटेके मूळची पुलगावची, वर्ध्याकडची. पुण्याला विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विद्यापीठ शहराच्या एका टोकाला आणि ही राहायला दुसऱ्या टोकाला, बिबवेवाडीत. मधे दोन बस बदलाव्या लागत आणि बरंचसं तारुण्य खर्ची पडे. विद्यापीठाजवळ कॉट मिळत नाहीत असं नाही. पण तिथल्या एका कॉटच्या भाड्यात पुलगावात अंगणासकट घर मिळतं, आणि अंगणात पेरूचं झाडही.

तिचे वडील, दशरथ सर, विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत. म्हणजे ‘सर’ ही पदवी त्यांना रोज मिळे आणि पगार मिळायचा तेव्हा मिळे. कॉलेजात असताना ते स्वतः वसतिगृहात उपाशीपोटी अभ्यास करत आणि एकदा परीक्षेच्या हॉलमध्येच चक्कर येऊन पडले होते. त्यामुळे मुलीला पुण्याला पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती. नापास झालीस तर चालेल, पण पोट मारून शिकायचं नाही. तसं कानावर आलं की पहिल्या गाडीने येऊन घेऊन जाईन. आणि दशरथ सरांचं बोलणं म्हणजे त्यांच्या फळ्यावरचं गणित. एकदा मांडलं की खाली उत्तर येणारच. परीक्षा तोंडावर आलेली असताना मैत्रीला ते उत्तर नको होतं.

अडचण शिष्यवृत्तीची होती. पोर्टलवर मैत्रीच्या नावापुढे कित्येक महिने ‘प्रक्रियेत’ असा एक शांत शब्द बसून होता. त्याची चौकशी करायला ती शिष्यवृत्तीच्या खिडकीशी गेली, तर आतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “प्रक्रियेत दिसतंय ना? मग प्रक्रियेतच असणार. नसतं तर आम्ही कशाला लिहिलं असतं?”

पुढे शोध लागला की पैसे कधीचेच निघालेत, पण ते गेलेत शाळेच्या गणवेशासाठी लहानपणी काढलेल्या खात्यात. तिचं आधार अजून त्याच खात्याला चिकटून होतं. ती शाखा आता दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. ती दुसरी शाखा कुठे विलीन झाली हे कुणी सांगेना. बँकेतल्या गृहस्थांनी जुनं पासबुक उघडलं. त्यात दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता.

“ही तुम्ही?”

“हो.”

“वाटत नाही.”

“सातवीत होते तेव्हा.”

“मग तेव्हाच यायचं,” असं म्हणून त्यांनी पासबुक मिटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तेव्हा मैत्रीने एक छोटासा बेत आखला. अत्यंत शास्त्रशुद्ध. दुपारचं जेवण विद्यापीठामागच्या खानावळीत चालू ठेवायचं आणि खोलीवर येणारा संध्याकाळचा डबा बंद करायचा. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंतच. संध्याकाळी माणसाला तशी भूक कमीच लागते, हे गृहीतक तिने कुठलीही चाचणी न घेता मान्य केलं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे शोभलं नाही.

“ए, तुझा डबा नाही आला?” पूर्वाने विचारलं. पूर्वा सोलापूरची. तिच्या डब्यात रोज तीन पोळ्या यायच्या आणि ती रोज तीन पोळ्यांबद्दल कुरकुरायची.

‘भूक नाही’ हे उत्तर एकदोनदा चालतं. त्यानंतर लोक डॉक्टरांची नावं सुचवायला लागतात. तो टप्पा आला तेव्हा मैत्रीच्या तोंडून निघून गेलं, “आज उपास आहे.”

हा शब्द आपल्या तोंडात आला कुठून, हे तिचं तिलाच कळलं नाही. रामटेक्यांच्या घरात तो वापरातच नव्हता. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा नवस, उपास, गंडेदोरे सगळं तिथेच टाकून ते हलके होऊन घरी परतले, असं घरात अभिमानाने सांगत. आई पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची, पण येताना तिच्या हातात खिरीचा डबा असायचा. चांगल्या दिवशी माणसाने जरा जास्तच खायचं असतं, अशीच मैत्रीची आजवरची समजूत होती.

पुण्यात मात्र ‘उपास आहे’ एवढ्यावर कुणाची सुटका होत नाही. तिथून चौकशीला सुरुवात होते.

“कोणता गं?” पूर्वाने विचारलं.

“सोमवारचा,” मैत्री म्हणाली. आज सोमवार आहे, एवढंच तिला खात्रीने ठाऊक होतं.

“कोण? कोण करतंय उपास?” पडद्याआडून आवाज आला आणि पाठोपाठ घरमालकीण यमुनाबाई काकू स्वतः आल्या. काकूंनी आजवर पुष्कळ मुली ठेवल्या होत्या आणि त्या सगळ्यांबद्दल त्यांचं मत एकच होतं. मागच्या वर्षीच्या मुली तर अंड्यांची टरफलं पर्समधून बाहेर नेताना सापडल्या होत्या. ती जखम अजून ओली होती. मैत्रीला ठेवून घेताना त्यांनी विचारलं होतं, “रामटेके म्हणजे रामटेकचे का?” मैत्री म्हणाली होती, “हो, तिकडचेच.” यापुढे काकूंनी विचारलं नाही आणि मैत्रीने सांगितलं नाही. ते दोघींच्याही सोयीचं होतं.

“अगं, मग आता सोड की! दिवे लागले. सोमवार संध्याकाळी सोडतात.”

हे मैत्रीला नवीन होतं. सोडायचा म्हणजे जेवायचं, आणि जेवायचं म्हणजे डबा हवा.

“आमच्याकडे… दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात.”

“अगं बाई! विदर्भात एवढं कडक असतं?”

“हो. ऊन फार असतं ना तिकडे.”

उन्हाचा आणि उपासाचा काय संबंध, हे काकूंनी विचारलं नाही. श्रद्धेने भारावलेला माणूस बारकाव्यात शिरत नाही. त्या आत गेल्या आणि साबुदाण्याच्या खिचडीची बशी घेऊन आल्या. “फराळाचं तरी चालतं ना तुमच्याकडे?”

“चालतं,” मैत्री इतक्या घाईने म्हणाली की पूर्वाने मोबाइलमधून मान वर केली.

ती खिचडी! वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड. मैत्रीला वाटलं, आपल्याआधी कुणाला हे सुचलं कसं नाही? एका शब्दात पुण्यातला जेवणाचा प्रश्न सुटतो! तिने लगेच गुरुवार धरला, मग शनिवार. मग मंगळवारही कुणाचातरी असतो असं कळलं. रविवारी संध्याकाळी अख्ख्या पुण्यातल्या खानावळी बंद असतात, म्हणजे तो तर सबंध विद्यार्थिवर्गाने मिळून पाळलेला उपास. शुक्रवार देवीला दिला. राहता राहिला बुधवार.

“बुधवार कुणाचा?” एका बुधवारी काकूंनीच विचारलं.

मैत्रीने काकूंकडे पाहिलं, काकूंनी मैत्रीकडे. तेव्हा तळमजल्यावरच्या बाबुरावांना बोलावणं गेलं. बाबुराव सोसायटीचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ आणि मत या दोन गोष्टी भरपूर होत्या. पाणी कधी सोडायचं, गाड्या कुठे लावायच्या, जावयाशी कसं वागायचं, कुठल्याही बाबतीत ते निकाल देत. चष्मा पुसून ते म्हणाले, “बुधवार विठोबाचा. नोंद करून घ्या. आणि आपण जे करताय ना ताई, ते आजच्या पिढीत दुर्मीळ आहे. आमचा नातू सकाळी उठल्यावर आधी पिझ्झा मागतो.”

अशा रीतीने मैत्रीचा आठवडा भरला. दिवसा ती उपासाचे नियम पाठ करू लागली. बटाटा चालतो, वांगं चालत नाही. मिरची चालते, हळद चालत नाही. शेंगदाणे चालतात, फुटाणे नाहीत. यातून काही सूत्र निघतं का म्हणून तिने पुष्कळ डोकं लढवलं, पण इतका विस्कळीत डेटा तिने एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांत पाहिला नव्हता.

आणि हळदीनेच घात केला.

विद्यापीठात चर्चासत्रं असतात. ज्ञानाची आवड असलेले लोक त्यांना जातात आणि शेवटी चहाबरोबर काहीतरी मिळतं हे ठाऊक असलेलेही जातात. सोयाबीनवरील किडींच्या व्यवस्थापनावर एक चर्चासत्र होतं. मैत्री पहिल्या रांगेत बसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिली. आयोजकांना भरून आलं. त्यांनी चहापानाचे फोटो टाकले, तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यामागे मैत्री ठळक दिसत होती. तोंडात वडा, हातात वडा. पूर्वाने हसत हसत तो फोटो उघडला आणि नेमक्या काकू मागून डोकावल्या.

“आज तर गुरुवार होता ना गं?”

“उपासाचा होता तो,” मैत्री म्हणाली. “साबुदाणा वडा.”

काकूंनी पूर्वाच्या हातातून मोबाइल घेतला आणि दोन बोटांनी फोटो फाकवत नेला. मैत्रीचे दात दिसू लागले, मग वड्याचं पोट दिसू लागलं. “साबुदाण्यात हळद?” काकूंनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुन्हा बाबुराव आले. मोडलेल्या उपासाचं प्रायश्चित्त काय, यावर त्यांनी दोन कप चहा घेतला. निकाल असा की यापुढे फराळ बंद. पाणी फक्त. “फराळाचा उपास हा खरं तर उपासच नव्हे,” ते म्हणाले, “नुसता मेनूतला बदल आहे.” काकूंनाही पटलं. दुसऱ्या दिवशी खिचडीचा वास आला, बशी मात्र आली नाही. “द्यायला माझं काही जात नाही गं,” काकू दारातून मायेने म्हणाल्या, “पण तुझं पुण्य मी कशाला कमी करू?”

आता उपास सोडून द्यावेत, तर डबा पुन्हा लावायला हवा. आणि डबा लावायचा तर… तर पोर्टलवर अजून ‘प्रक्रियेत’च दिसत होतं. खानावळवाल्याने मधल्या काळात ताट महाग केलं होतं. मैत्री दुपारी अर्धं ताट घेऊ लागली आणि पोट भरल्यासारखं दिसावं म्हणून जेवताना पुस्तक वाचू लागली.

एकदा पूर्वा डब्यातली पोळी तिच्यापुढे करून म्हणाली, “यार, मला जातच नाहीये ही. टाकून देऊ का?” तिने मैत्रीकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. मैत्रीनेही खिडकीकडेच पाहिलं. एखादी शहाणी मुलगी असती तर ‘दे’ म्हणाली असती.

“कबुतरांना घाल,” मैत्री म्हणाली.

पुढचा आठवडाभर पूर्वाला रोज एक पोळी जाईनाशी झाली आणि बिबवेवाडीतली कबुतरं रोज खिडकीत वेळेवर येऊ लागली. त्यांचं बरं चाललं होतं.

याच सुमारास काकूंनी मैत्रीला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. काकूंचा मुलगा साई हिंजवडीला कामाला होता. गेले काही महिने तो घरीच असे. ‘वर्क फ्रॉम होम,’ काकू सगळ्यांना सांगत. सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसे. लॅपटॉप बंदच असे. सोसायटीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याला जिन्यात विचारत, “काय रे, कामाचं प्रेशर?” तो म्हणे, “आहे जरा.”

“साईचं जरा नोकरी बदलायचं चाललंय,” काकू पदराशी चाळा करत म्हणाल्या. “माझे गुडघे असे, गोळ्या घ्यायच्या तर खावंच लागतं. माझ्या उपासात काही दम नाही. तू त्याच्यासाठी सोमवार धरशील? अगदी कडक? तुझं देव ऐकेल.”

मैत्रीचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. पण काकूंचा होता, आणि काकू तिच्याकडे असं काही मागत होत्या की जणू ती कुणीतरी आहे. तिने मान हलवली. आणि मग ती अशी चूक करून बसली, जी फक्त दशरथ सरांच्या मुलीच्या हातून होऊ शकते. सोमवारी दुपारी खानावळीत तिला कोण पाहणार होतं? पण दुसऱ्याच्या मुलासाठी धरलेला उपास खोटा कसा करायचा? सोमवारचं अर्धं ताटही तिने सोडलं. न मानलेल्या देवाशी ती प्रामाणिक राहिली.

आणि साईला मुलाखतीचं बोलावणं आलं. मग दुसरी फेरी झाली. मग नोकरी लागली. आधीपेक्षा कमी पगाराची, पण लागली.

त्यानंतर जे झालं त्याला काही धरबंध राहिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मुलीच्या व्हिसासाठी शुक्रवार मागायला आल्या. समोरच्या विंगमधून गुडघेदुखीसाठी शनिवार आला. बाबुराव तर इमारतीच्या रीडेव्हलपमेंटचं सगळं बाडच घेऊन वर आले. “आपल्याकडे बुधवार मोकळा आहे ना?” ते अदबीने म्हणाले. “बिल्डर सही करेपर्यंत.” मैत्रीला जिना चढताना आता मधे थांबावं लागे. लोक म्हणत, बघा, नामस्मरण चाललंय.

काकूंनी साईच्या सोमवारांचं उद्यापन करायचं ठरवलं. आणि उद्यापन म्हटलं की मुलीच्या घरचं माणूस हवंच, म्हणून खोली देताना घेतलेल्या नंबरवर त्यांनी परस्पर पुलगावला फोन लावला. मैत्रीला हे आई निघाल्यावर कळलं.

तिची आई शालन एकटीच आली. सरांचे बारावीचे जादा तास होते. आदल्या दिवशी निघालेली गाडी वाटेत इतकी रखडली की ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि काकूंच्या हॉलमध्ये पंगत बसत होती. दारातच तिने पिशवी खाली ठेवली. पिशवीत जवसाची चटणी होती, मुरमुऱ्यांचा चिवडा होता, तिळाचे लाडू होते. मैत्रीने उघडून पाहिलं, लेकीसाठी आणलेलं तसंच होतं. वाटेत आईने त्याला हात लावला नव्हता.

“बारीक काहून झाली वं?” तिने मैत्रीला विचारलं.

“चालणं होतं खूप, आई.”

“या, या शालनताई!” काकूंनी तिला हाताला धरून पाटावर बसवलं. “अहो, काय मुलगी आहे तुमची! माझ्या पोटची असती तर! सोमवार काय, मंगळवार काय, बुधवारसुद्धा! तोंडात अन्नाचा कण घेत नाही हो!”

शालनने मुलीकडे पाहिलं. बावीस-तेवीस वर्षं तिने विनाअनुदानित संसार केला होता. मुलीचे गळ्याशी वर आलेले हाडाचे दोन कोपरे पाहून तिला जे कळायचं ते कळलं. तिने मैत्रीला शेजारी ओढून बसवलं, तिचं मनगट मुठीत धरलं आणि सोडलं नाही.

“आमच्याकडे संध्याकाळी सोडतात बघा,” काकू म्हणाल्या. “तुमच्याकडे म्हणे दुसऱ्या दिवशी सकाळी? खरं का हो?”

मैत्रीने डोळे मिटले. खोटं बोललेलं आईला चालत नसे. आणि उपासाचं नाव तर तिच्या घरात कुणी काढलेलंच नव्हतं.

“हो,” शालन म्हणाली. “आमच्याकडे तसंच आहे.”

“म्हणजे तुम्हीही करता?”

“करते ना.”

“अहो, मग आज सोमवार!” काकूंच्या हातात वाफाळत्या वरणाची वाटी होती, ती शालनच्या ताटावर तशीच थांबली. “तुम्हालाही असणार की! आणि मी वेडी वाढतेय!”

शालनने समोरच्या भाताच्या मुदीकडे एकदा पाहिलं. “हो,” ती हसून म्हणाली, “मलाही आहे.”

काकूंनी मोठ्या आदराने ते ताट उचललं आणि त्या जागी पाण्याचा तांब्या ठेवला. “मायलेकी बघा!” त्या पंगतीला म्हणाल्या. बाबुरावांनी पुरणपोळीवर तूप ओतून घेत मान डोलावली. “याला म्हणतात घराण्याचं वळण.” साईने ताटातली कोशिंबीर चमच्याने इकडची तिकडे केली. पूर्वाने हातातला घास खाली ठेवला. तुपाचं भांडं तेवढं पुढे सरकत गेलं.

शालन तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून घेत होती. एक भांडं रिकामं करून तिने लगेच दुसरं भरलं. चेहऱ्यावर तेच हसू होतं, परक्याच्या घरी ठेवायचं.

आता बोललं तर काय होईल, हे मैत्रीला शेवटच्या ओळीपर्यंत दिसत होतं. उद्याची गाडी, फलाटावर उभे असलेले बाबा, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये रिकामा राहिलेला आपल्या क्रमांकाचा बाक.

“काकू,” ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. बाबुरावांचा घास हातातच राहिला. “आईचं ताट परत आणा. ती कालपासून जेवलेली नाही. आमच्याकडे उपास नसतात. आईला नाही आणि मलाही नाही.”

“अगं, मग इतके दिवस तू…”

“मी उपाशी आहे, काकू.”